तुम्ही विचारलेत म्हणून: आखूड बंदुकीचे गणित

पाषाणला राहतो आणि उभी हयात यांत्रिक आरेखनात घालवली, म्हणून लोक मला वारंवार विचारतात, "सबमशीनगन आखूड करायची तर नळी कापली की झाले, त्यात अभ्यास तो काय?"

अभ्यास आहे तो नळी शाबूत ठेवण्याचा. 9 मिमीचे पिस्तुलाचे काडतूस वापरणाऱ्या साध्या सबमशीनगनमध्ये बोल्ट, म्हणजे नळीचे मागचे तोंड बंद करणारा सरकता ठोकळा, नळीला जखडलेला नसतो. त्याचे वजनच त्याला क्षणभर थोपवून धरते. स्टेनगनमध्ये पुढे नळी, तिच्यामागे हा जड बोल्ट आणि त्यामागे तो सरकण्यासाठी मोकळी जागा, अशी सरळ रांग असल्यामुळे लांबी वाढते.

विचारणाऱ्यापुढे मी खिशातले शाईचे पेन धरतो आणि टोपण लावून दाखवतो. निब जशी टोपणात शिरते, तसे नळीचे मागचे टोक बोल्टच्या पोकळ पुढच्या भागात शिरते, आणि बोल्टचे बरेचसे वजन नळीभोवती येऊन बसते. ही रचना 1948 च्या सुमारास चेकोस्लोव्हाकियाच्या यारोस्लाव्ह होलेचेक यांच्या बंदुकीत दिसते. इस्रायलच्या उझिएल गाल यांच्या 'उझी'ने ती जगभर नेली. शिवाय मॅगझिन, म्हणजे गोळ्यांची पेटी, मुठीतच बसवल्यामुळे ते अंधारातही बदलता येते, कारण एक हात दुसऱ्या हाताला न बघता सापडतो.

आपल्या लष्कराने अनेक दशके वापरलेली, कानपूरला बनलेली स्टर्लिंग कार्बाइन दस्ता मिटवल्यावर सुमारे 48 सेंमी भरते आणि तिची नळी 19.6 सेंमी आहे. उझी मिटवल्यावर 47 सेंमी, नळी मात्र 26 सेंमी! हे सहा-साडेसहा सेंटीमीटर मला फार मोलाचे वाटतात.

याहून आखूड करू गेले की बोल्ट हलका होतो आणि त्याचा प्रवासही घटतो. उझीचा वेग मिनिटाला सुमारे 600 गोळ्यांचा, 1980 च्या मिनी उझीचा 950 चा, आणि मायक्रो उझीचा 1200 पर्यंत, म्हणजे वीस गोळ्यांचे मॅगझिन एका सेकंदात रिकामे. इतक्या वेगात नेम धरून ठेवणे कठीण असते.

म्हणूनच जानेवारी 2021 मध्ये पुण्याची एआरडीई ही डीआरडीओची शस्त्रसंशोधन संस्था आणि महूचे इन्फन्ट्री स्कूल यांनी मिळून चार महिन्यांत घडवलेली 'अस्मी' जाहीर झाली, तेव्हा मी बातमी दोनदा वाचली. लेफ्टनंट कर्नल प्रसाद बनसोड यांच्या या मशीन पिस्तुलाचा वरचा भाग विमानाच्या दर्जाच्या ॲल्युमिनियमचा, खालचा कार्बन फायबरचा आणि चापाचे भाग धातूच्या थ्रीडी प्रिंटिंगने तयार केलेले आहेत. तो चाप एकदा हातात घेऊन, भिंग लावून पाहण्याची माझी फार इच्छा आहे.