कॅसेट संगणकात घेण्याआधी स्क्रूड्रायव्हर हातात घ्या

आजीच्या ओव्या, गणपतीतलं भजन, बारशाचा गोंगाट. घरी टेप केलेल्या अशा कॅसेटी संगणकात घ्यायच्या म्हटलं की आधी सॉफ्टवेअरची चौकशी सुरू होते. खरं काम डेकपाशी, म्हणजे कॅसेट वाजवणाऱ्या यंत्रापाशी, असतं. फितीला टेकून आवाज उचलणाऱ्या हेडनं जो आवाज उचललाच नाही, तो नंतर कुठलंही बटण दाबून परत येत नाही.

कॅसेट उजेडात धरून खिडकीतून आत बघा. गुंडाळीच्या कडेवर पांढरी पूड दिसली तर ती बुरशी. कोकणात पेटीत पडून राहिलेल्या कॅसेटींना ती हमखास धरते. अशी कॅसेट बाजूला ठेवा, कारण हेडवरून ती पुढच्या कॅसेटला लागते. मग समोरच्या मधल्या फटीत नमद्याचा इवलासा तुकडा आहे का ते पाहा. फितीला हेडवर दाबून धरायचं काम त्याचं. गोंद वाळून तो गळून पडला की आवाज दबका आणि हेलकावे खाणारा येतो. पाच स्क्रूंची एखादी निकामी कॅसेट घ्या, तिच्या डबीत आपल्या दोन्ही गुंडाळ्या बसवा, काम झालं. कॅसेटच्या मागच्या कडेवरचे दोन्ही छोटे प्लास्टिकचे तुकडे मोडलेले नसतील तर मोडून टाका, म्हणजे चुकून रेकॉर्डचं बटण दाबलं तरी काही पुसलं जाणार नाही.

हेड आणि लोखंडी दांडी ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोलनं पुसा. कापसाची काडी तपकिरी होणं थांबेपर्यंत. रबरी रोलरला साबणाच्या पाण्याचा ओला कपडा पुरतो. रोलर चकचकीत, कडक झाला असेल तर बदलाच, नाहीतर तो फीत खातो. सी-९० (नव्वद मिनिटांच्या) कॅसेटची फीत साधारण १२ मायक्रॉन जाड, सी-१२० ची जेमतेम ९. ही दुसरी उगाच मागेपुढे पळवू नका.

आता स्क्रूड्रायव्हर. हेडच्या एका बाजूला स्प्रिंगवर बसलेला छोटा स्क्रू असतो. त्यानं हेडचा तिरकेपणा, म्हणजे अझिमथ, बदलतो. ज्या टेपरेकॉर्डरवर ती कॅसेट भरली, त्याचं हेड जरा कललेलं असेल तर तुमच्या डेकवर आवाज घोंगडीआडून आल्यासारखा वाटतो. लोक ट्रेबल वाढवतात, त्यानं फक्त खरखर वाढते. त्याऐवजी दोन्ही चॅनल एकत्र करून मोनोत ऐका आणि स्क्रू अगदी किंचित इकडेतिकडे फिरवा. ‘स’, ‘श’, टाळ आणि झांजा जिथे सर्वांत लख्ख ऐकू येतील तिथे थांबा. पाव फेऱ्याहून जास्त सहसा लागत नाही. डोळ्यांनी खात्री करायची तर ऑडॅसिटी या ध्वनिमुद्रणाच्या सॉफ्टवेअरमध्ये आवाजाची लाट खूप मोठी करून पाहा: डाव्या-उजव्या चॅनलची टोकं एकाखाली एक आली पाहिजेत. दर कॅसेटला हे पुन्हा करायचं. कंटाळवाणं आहे, पण निम्मं यश इथेच आहे.

जोडणी सोपी. लॅपटॉपचं एकुलतं भोक बहुधा हेडफोन-माइकचं असतं. त्यात डेक जोडला तर आवाज फाटतो आणि मोनोच येतो. लाइन-इन असलेलं साधं यूएसबी साउंड कार्ड घ्या, डेकच्या लाइन-आउटमधून वायर टाका. भुणभुण आली तर चार्जर काढून बॅटरीवर चालवून बघा. ४४,१०० हर्ट्झ, २४ बिट ठेवा आणि सर्वांत मोठा आवाज उणे ६ डीबीच्या आसपास येऊ द्या. तासाभराची फाइल सुमारे ९५० एमबी होते. फ्लॅक या, आवाज जराही न घटवता फाइल लहान करणाऱ्या प्रकारात ती बरीच आटोपते. डॉल्बी ही डेकवरची खरखर दाबणारी सोय घरगुती रेकॉर्डिंगला सहसा बंदच.

आवाज चिरका आणि घाईत वाटतोय? भरताना सेल उतरले होते. फीत तेव्हा हळू फिरली, म्हणून आता जलद वाजते; बऱ्याचदा शेवटाकडे जास्तच. भजनातली पेटी कुठल्या पट्टीत होती ते माहीत असेल तर तिच्याशी ताडून बघा. अर्धा स्वर वर येत असेल तर वेग सुमारे ५.६ टक्के कमी करा. फक्त स्वर बदलणारा पर्याय निवडू नका, लयही सोबत उतरायला हवी.

खरखर काढताना सॉफ्टवेअरला आधी खरखरीचा नमुना द्यावा लागतो; तो कोऱ्या फितीचा घेऊ नका. रेकॉर्डर चालू आहे पण कोणी बोलत नाही, असा सेकंदभर शोधा आणि खरखर ६ डीबीनं कमी करून थांबा. १२ च्या पुढे गेलात की आजी पाण्याखालून गाते. हे सगळं प्रतीवर करायचं. मूळ फ्लॅकला हात लावायचा नाही. व्हॉट्सॲपवर पाठवायला एमपी३ वेगळी काढा, आणि फाइलच्या नावात साल, प्रसंग आणि बाजू ‘अ’ की ‘ब’ हे तेव्हाच लिहा.