अक्का हसली तेव्हा सगळा हॉल हसला

शनिवार, रात्री उशिरा

झाला बाई एकदाचा अंबाजोगाईचा प्रयोग. मधेच लाईट गेली, माईक खरखरत होता, तरी झाला. झोप येईना म्हणून लिहायलेय.

घरी अजून नीट सांगितलेलं नाही. आईला एवढंच माहितीय की "बायकांच्या प्रश्नावर" काहीतरी बसवायलोत. खरं तर बायकांच्या गर्भपाताच्या गोष्टी, त्यांनीच आम्हाला सांगितलेल्या, आम्ही पोरी त्यांच्यासमोरच स्टेजवरून सांगतो, बास. सेट नाही, दोन खुर्च्या अन् एक पाण्याचा तांब्या. ताईंनी पहिल्या दिवशी प्लेबॅक थिएटरचं सांगितलं होतं, जोनाथन फॉक्स आणि जो सालस यांनी 1975 मध्ये अमेरिकेत सुरू केलेला प्रकार, प्रेक्षकातलं कुणीतरी उठून आपली गोष्ट सांगतं आणि कलाकार तिथल्या तिथं ती करून दाखवतात. ऐकायला भारी वाटलं, पण आमच्याकडं भरल्या हॉलात कोण हात वर करणार, मी पोट पाडलं म्हणून? दिवस मावळायच्या आत बसस्टँडवर कळालं असतं कुणाची सून ते. म्हणून आम्ही आधी घरी जाऊन ऐकतो, वहीत लिहितो, नाव लिहीत नाही, तालुका बदलतो, लेकरं किती ते बदलतो, अन् तिलाच वाचून दाखवतो, ती हो म्हणाली तरच स्टेजवर. नाव फोडायला तर डॉक्टरलासुद्धा बंदी आहे, गर्भपाताच्या कायद्यात 2021 ची दुरुस्ती आल्यापासून वर्षभरापर्यंत कैद होऊ शकते, मग आम्ही कोण लागून गेलो.

अक्काची गोष्ट माझ्याकडं होती. ऊसतोडीची. नवरा-बायको मिळून एक कोयता, उचल, म्हणजे मजुरीचे आगाऊ पैसे, घेऊन खर्च पण करून बसलेले, आणि कारखान्यावर गेल्यावर कळालं की दिवस गेलेत. दवाखान्यात जावं तर खाडा, खाडा झाला की मुकादम पैसे कापणार, म्हणून नवऱ्याला मेडिकलवर पाठवलं गोळ्या आणायला. दुकानदारानं विचारलं कुणासाठी? याला लाज वाटली, हा म्हणाला म्हशीसाठी. अन् त्यानं दिल्या पण! ना चिठ्ठी, ना कितवा महिना विचारलं.

हे "म्हशीसाठी" मी बोलले आणि हॉलमधे कुणाला कळंना हसावं का नाही. तेवढ्यात मागच्या लाईनीत अक्काच फिस्सकन हसली, पदर तोंडावर घेऊन, मग तिच्या शेजारची, मग सगळ्याच. मी पुढचं वाक्यच विसरले दोन मिनिटं. आता शेजारणीला कळालं असंल का गोष्ट कुणाची ते, देव जाणे. अक्काला मात्र काही फिकीर दिसली नाही.

पुढचं हसण्यासारखं नव्हतं. कोपीत, म्हणजे त्यांच्या झोपडीत, रात्रभर रक्त गेलं, पहाटे टोळी उठली तशी ती पण उठली, आणि गाडी भरताना डोक्यावर मोळी घेऊन फळीवर चढायची तेव्हा पाय लटलट कापायचे. रक्ताचं तिनं मला एकदाच सांगितलं, त्या फळीचं पुन्हा पुन्हा. म्हणून मी पण रक्तावरून पटकन पुढं जाते आणि फळीवर थांबते.

दुसरी गोष्ट एका शिक्षिकेची. दोन मुली, तिसरं नको होतं, ना तिला ना नवऱ्याला. डॉक्टरनं ऐकलं दोन मुली, लगेच म्हणाला आम्ही करत नाही. आता हे कुठून आलं ते बीड जिल्ह्यात कुणाला सांगायची गरज नाही. 2011 च्या जनगणनेत सहा वर्षांच्या आतल्या हजार मुलांमागं 807 मुली, पुढच्याच वर्षी परळीचं, मुलीचे गर्भ पाडण्याचं, प्रकरण बाहेर आलं. ते धंदे बंद व्हायलाच पाहिजे होते, त्यात दोन मतं नाहीत. पण अहो, बाईला सातवा आठवडा चालू होता, सोनोग्राफीत सातव्या आठवड्यात मुलगा का मुलगी दिसत तरी का? दुसऱ्या दवाखान्यात नवऱ्याची सही मागितली. कायदा 1971 चा आहे, आता वीस आठवड्यांपर्यंत एका डॉक्टरचं मत पुरतं, अठरा पूर्ण झालेल्या बाईची स्वतःची सही पुरते, नवऱ्याची लागतच नाही. ही बाई पाचवीच्या पोरांना नागरिकशास्त्र शिकवते, आणि तिनं गुपचूप नवऱ्याला फोन लावला.

तिसऱ्या गोष्टीवरून तालमीत लई भांडणं झाली. सासूनं गाडीत घालून नेलं, तपासलं, मुलगी निघाली, पिशवी धुवून आणलं. आमच्यातली एक म्हणाली ही घेऊच नका, लोक म्हणतील बघा, गर्भपात म्हणजे शेवटी हेच. मी म्हणलं घ्यायचीच, अन् शिक्षिकेच्या गोष्टीला चिकटूनच घ्यायची. एकीला पाहिजे होता तर दारोदार फिरवलं, दुसरीला नको होता तर गाडी करून नेलं. ती आम्हाला म्हणाली होती, "तिथं मला चहा घेणार का म्हणून विचारलं, हे नाही विचारलं." ते वाक्य जसंच्या तसं ठेवलंय, एक शब्द हलवू दिला नाही मी.

प्रयोग संपल्यावर एक मावशी चांगल्याच तापल्या, चारचौघात सांगायच्या गोष्टी हायेत का ह्या, तुमच्या आया काही बोलत नाहीत का. बोलल्या अन् मग चपला शोधत तिथंच रेंगाळल्या, गर्दी पांगल्यावर ताईंना म्हणल्या, माझ्याकडं दुपारी या, दुपारी घरी कुणी नसतं.

पुढचा प्रयोग केजकडच्या एका गावात, दिवाळीआधी, कारण नंतर टोळ्या निघाल्या की बघायला बाया राहतातच कुठं. शाळेचं मैदान मागायचंय. ताई म्हणायल्या अर्जात "महिला आरोग्य जनजागृती" लिहू. मी म्हणलं विषय नीट लिहूनच मागू, नाही म्हणाले तर अक्काच्या वाड्यात करू, ती तयार आहे.