मांजरांच्या गुहेत हेवी मेटल

"कपडे जुनेच घातलेत ना?" गाईडबाईंनी गुहेच्या तोंडाशी विचारलं. माझी जीन्स नवी कोरी होती.

डब्लिनहून रॉसकॉमनपर्यंत ट्रेन, तिथून टॅक्सीने टल्स्क हे गाव. एवढा खटाटोप एका बँडच्या नावापायी. कीथ फे यांनी 1992 मध्ये डब्लिनमध्ये 'क्रूअखन' सुरू केला. टिन व्हिसल ही पत्र्याची बासरी, बौरान हा आयरिश डफ आणि त्यांच्या बुडाशी हेवी मेटलची खरखरीत गिटार. ऐकायला विजोड वाटतं, पण रील ही आयरिश नाचाची चार मात्रांची धावती चाल, तिच्याखाली मेटलचे ड्रम अगदी चपखल बसतात. जिग या दुसऱ्या नाचाचे झोके मात्र तीन-तीनचे, थेट आपल्या दादऱ्यासारखे. तिथे खरी कसोटी लागते.

तर क्रूअखन हे या जागेचं जुनं नाव. आजचं राथक्रोहन, म्हणजे आयर्लंडच्या पश्चिमेकडच्या कॉनॉट प्रांताच्या राजांचं ठाणं. प्रत्यक्षात दिसतो तो गवताचा एक रुंद, बसका टेकाड आणि त्यावर चरणाऱ्या मेंढ्या. फोटोत तर काहीच येत नाही. पण आयरिश पुराणकथा म्हणते, राणी मेव्ह इथे राहायची. रात्री अंथरुणात नवरा-बायकोची श्रीमंत कोण यावरून जुंपली. भांडीकुंडी, दागिने, मेंढ्या, डुकरं, सगळं मोजून झालं, बरोबरीत सुटलं. फक्त नवऱ्याकडे पांढऱ्या शिंगांचा एक बैल जास्त निघाला. मग तिने तोडीस तोड तपकिरी बैल पळवून आणायला अख्खं सैन्य उत्तरेच्या अल्स्टर प्रांतावर घातलं. गुरांपायी लढाया आपल्यालाही नव्या नाहीत. गावोगावचे वीरगळ बघा.

याच कथेवर 'हॉर्सलिप्स' या आयरिश बँडने 1973 मध्ये अख्खा अल्बम केला. त्यातल्या 'डार्ग डूम'ची गिटारची ओळ एका जुन्या आयरिश मार्चमधून उचललेली आहे. माझ्या मते पुढचे सगळे मेटलवाले तिथूनच निघाले.

गुहा शेताच्या कडेला, काटेरी झुडपाखाली. नाव ओवेनागात, मांजरांची गुहा. तोंड इतकं बुटकं की बसून, पाय पुढे टाकूनच आत सरकावं लागतं. डोक्यावरच्या आडव्या दगडाच्या कडेला ओघम या जुन्या आयरिश लिपीतल्या रेघा कोरलेल्या आहेत. 'मेव्हचा मुलगा फ्रेख', असा त्यांचा अर्थ लावतात. टॉर्च तिरका धरला तेव्हा कुठे खाचा उठून दिसल्या. मी बोट पुढे केलं आणि बाईंचा आवाज आला, "हात नको."

पुढे चुनखडकातली नैसर्गिक भेग, अरुंद पण उंच. पायाखाली घोटाभर चिखल. युद्धदेवता मॉरिगनचा वास इथलाच, आणि सामहेनच्या रात्री, म्हणजे आताच्या हॅलोविनला, पलीकडच्या जगातली भुतंखेतं इथूनच बाहेर पडतात म्हणे. क्रूअखनच्या 2006 च्या अल्बमच्या नावातही हीच मॉरिगन आहे. बाईंनी सगळ्यांना टॉर्च बंद करायला लावले. कानात गाणं वाजेल असं वाटलं होतं. ऐकू आलं ते फक्त टपटपणारं पाणी आणि मागच्या कुणाचं तरी नाक ओढणं.

परतीच्या टॅक्सीवाल्याने माझा अवतार बघून सीटवर मुकाट्याने वर्तमानपत्र पसरलं. मी फोनवर 'डार्ग डूम' लावलं, तर गडी स्टिअरिंगवर ठेका धरून गुणगुणायलाच लागला. मेव्ह, बैल, हॉर्सलिप्स, कशाशी देणंघेणं नाही. "हे तर फुटबॉलचं!" 1990 च्या वर्ल्डकपला आयर्लंडच्या टीमसाठी जे गाणं झालं, त्यात हीच गिटार होती. रॉसकॉमन येईपर्यंत त्याने मला त्या वर्ल्डकपची एकेक मॅच सांगितली.