ऑटर पॉइंटच्या एका खडकापाशी

ठाण्याच्या घरी पाळलेल्या माझ्या ऑरेटसने फिशटँकमधल्या बाकी सगळ्या माशांच्या शेपट्या कुरतडल्या होत्या. त्यामुळे कामानिमित्त आफ्रिकेतल्या मलावीच्या राजधानीत, लिलाँग्वेला राहायला आल्यावर, हा जेमतेम दहा सेंटिमीटरचा मासा स्वतःच्या पाण्यात कसा वागतो हे पाहायचेच, असे मी ठरवले. मेलॅनोक्रोमिस ऑरेटस मलावी सरोवराच्या दक्षिण भागातच आढळतो, म्हणून एका सुट्टीत केप मॅक्लिअर गाठले. 1984 पासून जागतिक वारशाच्या यादीत असलेल्या मलावी सरोवर राष्ट्रीय उद्यानातला हा किनारा आहे. (पाण्यातल्या गोगलगायींमुळे बिल्हार्झिया या परजीवी कृमींच्या रोगाचा धोका असतो; त्यावरची गोळी परतल्यावर काही आठवड्यांनी घेतली.)

पहिले दोन दिवस वाया गेले. स्नॉर्केल लावून मी या खडकावरून त्या खडकावर पोहत राहिलो आणि पिवळ्या अंगावर काळे पट्टे असलेला एक व काळसर अंगावर फिकट पट्टे असलेला दुसरा, अशा दोन जाती वहीत नोंदवल्या. माझ्याकडचा मासा शेवटपर्यंत पिवळाच राहिला होता, एवढीच माझी सबब. वही पाहून नावाडी हसला. खडकांत राहणाऱ्या या माशांना तिथे 'म्बुना' म्हणतात. त्यातला हा काळा तो नर आणि पिवळी ती मादी, असे त्याने सांगितले. पिल्ले पिवळीच असतात आणि वरचढ नरापुढे दबलेले नरही तोच रंग धरून राहतात, हे मला नंतर वाचनातून कळले.

तिसऱ्या दिवसापासून मी ऑटर पॉइंटच्या एकाच खडकावर तरंगत राहिलो. काळा नर एका कपारीभोवती फिरे, आपल्यासारख्याच दुसऱ्या काळ्यावर धावून जाई, पण शेजारी शेवाळ खरवडणाऱ्या इतर जातींकडे बहुधा दुर्लक्ष करी. हरलेला नर दोन खडक ओलांडून सुटत असे. ठाण्याच्या काचेच्या पेटीत ते दोन खडक नव्हते, हे मला तेव्हा उमगले.

पाचव्या दिवशी एक पिवळी मादी कपारीत दिसली. तिचा गळा फुगलेला होता आणि ती शेवाळाला तोंड लावत नव्हती. अंडी घातली की मादी ती तोंडात उचलते; नराच्या पोटामागच्या परावर अंड्यांसारखेच पिवळे ठिपके असतात, त्यांनाही ती तोंड लावते आणि त्याच वेळी तोंडातल्या अंड्यांचे फलन होते. पुढे सुमारे तीन आठवडे पिल्ले तिच्या तोंडातच वाढतात. हा सोहळा माझ्या वाट्याला आला नाही. निघायच्या दिवशी सकाळी पुन्हा पाण्यात उतरलो, तेव्हा ती त्याच कपारीत होती, गळा तसाच फुगलेला.