‘लागणे’चं पान

बुधवार, रात्र

इंग्रजी शब्दांच्या वह्या पाहिल्या की त्या साधारण एकाच जागी अडलेल्या दिसतात. ‘ए’ची पानं सुवाच्य, ‘बी’पर्यंत अक्षर बिघडलेलं, ‘सी’ कोरा. डावीकडे इंग्रजी शब्द, उजवीकडे मराठी अर्थ. असा पाठ केलेला शब्द वाचताना ओळखू येतो, बोलताना मात्र ओठांवर येत नाही. बोलणाऱ्याच्या डोक्यात आधी मराठी वाक्य उभं राहतं आणि वही नेमकी उलट्या दिशेने लावलेली असते. म्हणून वही मराठी क्रियापदावर लावावी, असं माझं स्पष्ट मत. एका क्रियापदाला समोरासमोरची दोन पानं.

सुरुवात ‘लागणे’ने करावी. ठाणे-वाशी लोकलच्या एका फेरीत हे क्रियापद किती वेगवेगळ्या अर्थांनी कानावर पडतं बघा. फोन लागत नाहीये. घोडबंदरला ट्रॅफिक लागलं. घणसोलीपर्यंत डोळा लागला. भाचीला ऐरोलीत नोकरी लागली. यायला दीड तास लागला. पुलावर पाऊस लागला. मराठीत एकच क्रियापद, इंग्रजीत प्रत्येकाची सोय निराळी: आय कान्ट गेट थ्रू. वी गॉट स्टक इन ट्रॅफिक. आय नॉडेड ऑफ. शी गॉट अ जॉब. इट टुक मी अ‍ॅन अवर अँड अ हाफ. वी गॉट कॉट इन द रेन.

यातला ‘गेट’ मोजा. मोठे भारदस्त शब्द शोधत बसणाऱ्यांनी एवढं ध्यानात घ्यावं की इंग्रज भाषाअभ्यासक ऑग्डेन यांनी 1930 मध्ये ‘बेसिक इंग्लिश’ ही मोजक्या शब्दांची सोपी इंग्रजी बांधली तेव्हा 850 शब्दांत क्रियापदं फक्त 18 ठेवली होती. गेट, टेक, पुट, गिव्ह, कीप असलीच. रोजच्या बोलण्याचा भार याच किरकोळ क्रियापदांवर असतो.

आता पान कसं लिहायचं. डावीकडे मराठी वाक्य, घरात बोलतो तसंच, शुद्ध करायच्या भानगडीत न पडता. उजवीकडे पूर्ण इंग्रजी वाक्य, कर्त्यासकट आणि काळासकट. नुसतं ‘गेट थ्रू’ लिहून ठेवलं की ऐन वेळी ‘आय अ‍ॅम नॉट गेट थ्रू’ बाहेर पडतं. प्रत्येक वाक्याखाली आणखी दोन ओळी: एक नकार, एक प्रश्न. शी गॉट द जॉब. शी डिडन्ट गेट द जॉब. डिड शी गेट द जॉब? सर्वांत जास्त घसरतात ते इथेच. ‘लागली नाही’ म्हणताना मराठीत भूतकाळ क्रियापदावर तसाच राहतो, म्हणून ‘डिडन्ट गॉट’ आपल्याला खटकत नाही. इंग्रजीत भूतकाळ ‘डिड’ने उचलला की पुढचं क्रियापद मूळ रूपात परत येतं. नियम पाठ करण्यापेक्षा या तीन ओळी सलग, मोठ्याने म्हणाव्यात. तोंडाला वळण लागतं. (हे ‘लागणे’ही पानावर घ्या: यू गेट यूज्ड टू इट.)

दुसरी अडचण कर्त्याची. ‘मला भूक लागली’ यात भूक कर्ता, मी नुसता ‘मला’. ‘फोन लागत नाही’ यात कर्ता फोन. इंग्रजी अशा जागी बहुधा माणसाला पुढे करतं: आय अ‍ॅम हंग्री, आय कान्ट गेट थ्रू. मराठी कर्ता तसाच उचलला की ‘फोन इज नॉट गोइंग’ तयार होतं. समोरचा समजून घेतो, पण समजून घेतो हे त्याच्या चेहऱ्यावर दिसतं. वेळेच्या वाक्यात तर पुढे ‘इट’ येतो, ज्याला मराठीत जोडीदारच नाही. म्हणून डाव्या पानावरच्या कर्त्याखाली लाल रेघ, उजव्या पानावरच्या कर्त्याखालीही लाल रेघ. दोन्हीकडे कर्ता वेगळा निघाला की ते वाक्य जास्त वेळा घोकायचं, हे नजरेनेच कळतं.

काही वेळा मराठी वाक्य जवळजवळ तेच आणि इंग्रजी पार वेगळं. ‘खोपटच्या स्टँडला एसटी लागली आहे’ म्हणजे द बस इज इन. ‘मला एसटी लागते’ म्हणजे आय गेट सिक ऑन बसेस. अशी जोडी एकाखाली एक लिहावी, एकीमुळे दुसरी आठवते.

उच्चारात एकच गोष्ट सांभाळा: ‘गेट थ्रू’मध्ये जोर थ्रूवर, ‘नॉड ऑफ’मध्ये ऑफवर. जोर पहिल्या शब्दावर टाकला की ऐकणाऱ्याचा दुसरा शब्द निसटतो.

एका पानावर आठच्या वर वाक्यं नकोत. उजवं पान झाकून डावीकडचं वाचायचं आणि इंग्रजी मोठ्याने म्हणायचं. मनातल्या मनात म्हटलेलं धरू नये. दुसऱ्या दिवशी, तिसऱ्या, सातव्या आणि पंधराव्या दिवशी तेच पान पुन्हा. विसरणं सुरुवातीला झपाट्याने होतं आणि मग मंदावतं, हे जर्मन मानसशास्त्रज्ञ एबिंगहाउस यांनी 1885 मध्येच मांडलं होतं. त्यामुळे पहिल्या दोन उजळण्या चुकवू नयेत. पंधराव्या दिवसाची एखाद-दोन दिवस पुढे गेली तर चालतं.

स्टेशनवरच्या घोषणा कान तयार करायला बऱ्या, कारण तीच गोष्ट मराठी, हिंदी, इंग्रजीत लागोपाठ ऐकू येते. त्यातलं ‘डीपली रिग्रेटेड’ मात्र तोंडात घेऊ नये. उशीर झाला तर माणसं ‘सॉरी आय अ‍ॅम लेट’ म्हणतात.

‘लागणे’ बसलं की ‘भरणे’ घ्यावं. फी भरली, पे. फॉर्म भरला, फिल इन. बॅग भरली, पॅक. सोपं पान आहे, दोन दिवसांत हाती येतं. ‘काढणे’ मात्र घाईने घेऊ नये. तिकीट काढलं, फोटो काढला, इथवर बाय आणि टेक पुरतात. कर्ज काढलं: वी टुक आउट अ लोन. तुझीच आठवण काढत होतो: वी वर जस्ट टॉकिंग अबाउट यू. त्याला चार पानं सोडावीत.