तुम्ही विचारलंत म्हणून: हो की नाही?

लग्नाच्या पंगतीत विचारतात, बँकेच्या रांगेत विचारतात, पालकसभेत मुलाच्या गणिताबद्दल बोलणं चालू असताना मध्येच विचारतात. "मॅडम, तुम्ही त्या दुर्बीणवाल्या ना? मग खरं खरं सांगा, एलियन आहेत का?" मी तोंड उघडायच्या आत शेजारचा दुसरा प्रश्न टाकतो, "अन् आहेत तर मग आजवर आले काहून नाही?"

एकदाचं लिहूनच टाकते. म्हणजे पुढच्या वेळी पंगतीत मला निदान जिलबी तरी खाता येईल.

माहीत नाही, हे माझं उत्तर. ते ऐकून लोक हसतात ते मला चांगलं कळतं. यांना दुर्बीण कशाला हवी, एवढं तर आम्हालाही माहीत नाही, असं ते हसणं असतं. पण माझ्या 'माहीत नाही'मागे थोडा हिशेब आहे. १९९५ मध्ये सूर्यासारख्या ताऱ्याभोवती फिरणारा पहिला परग्रह सापडला. तो शोधणाऱ्या मिशेल मायोर आणि दिदिए केलोझ यांना २०१९ मध्ये नोबेल मिळालं. आज सगळ्या प्रकारच्या ताऱ्यांभोवतीचे मिळून सहा हजारांच्या आसपास परग्रह पक्के नोंदले गेले आहेत. त्यांपैकी एकावरही जीव असल्याचं सिद्ध झालेलं नाही. २०२५ च्या एप्रिलमध्ये तुमच्यापैकी निम्म्या लोकांनी मला एकच बातमी पाठवली होती, ती के२-१८बी या ग्रहाची. केंब्रिजचे निक्कू मधुसूदन आणि त्यांच्या सहकाऱ्यांना १२४ प्रकाशवर्षांवरच्या (प्रकाश वर्षभरात जितकं जातो ते एक प्रकाशवर्ष) या ग्रहाच्या वातावरणात एका वायूच्या खुणा दिसल्या. पृथ्वीवर तो वायू मुख्यतः समुद्रातल्या सूक्ष्मजीवांमुळे तयार होतो. खुणा पुसट होत्या, हे त्यांनीही सांगितलं होतं. पुढे इतरांनी तीच निरीक्षणं तपासली आणि अनेकांचं समाधान झालं नाही. ती दुसरी बातमी मात्र मला कोणी पाठवली नाही.

'आले काहून नाही' याबद्दल. आपण फार शोधून दमलो आणि कोणी सापडलं नाही, असं लोक धरून चालतात. १९६० मध्ये खगोलशास्त्रज्ञ फ्रँक ड्रेक यांनी अमेरिकेतल्या ग्रीन बँक इथे २६ मीटरची रेडिओ दुर्बीण दोन ताऱ्यांकडे वळवून कान लावला. तिथून हा शोध सुरू झाला. त्यानंतर बरंच ऐकलं गेलं, पण दिशा किती, फ्रिक्वेन्सी किती, सिग्नल कमीत कमी किती जोराचा हवा, नेमकं कधी ऐकायचं, हे सगळं मिळून शोधायची जागा भयंकर मोठी होते. २०१८ मध्ये काही अमेरिकी संशोधकांनी तिचा हिशेब मांडला. ती जागा पृथ्वीवरच्या सगळ्या समुद्रांएवढी धरली, तर आपण आजवर फार तर एक मोठा टबभर पाणी तपासलं आहे. टबात मासा मिळाला नाही म्हणून समुद्राबद्दल काय सांगणार?

इतकं सोपं आहे तर मी एवढी चिडते कशाला, असं घरचे विचारतात. त्याला २ एप्रिल २०२२ ची संध्याकाळ कारणीभूत आहे.

त्या दिवशी गुढीपाडवा होता. गुढी उतरवून झाली होती, श्रीखंडाची भांडी घासायची बाकी होती. पावणेआठ-आठच्या सुमारास समोरच्या काकू फाटकातून ओरडल्या, "मॅडम, बाहेर या ना लवकर, आभाळाले आग लागली जी!" मी ओल्या हातांनीच अंगणात आले. लालसर-पिवळे ठिपके एकामागोमाग एक, प्रत्येकाला शेपूट, सगळे एकाच रेषेत आणि एकाच चालीने आडवे चालले होते. गल्लीत कोणी हात जोडले होते, बाकीच्यांचे मोबाइल वर. माझ्या शेजारच्या पोरानं माझा पदर धरला होता.

आज कबूल करते, पहिले काही क्षण मलाही वाटलं होतं. विचार असा काही नव्हता, छातीत काहीतरी वर आलं इतकंच. इतकी वर्षं मान मोडेस्तोवर वर बघणाऱ्या बाईला त्या क्षणी काय वाटलं असेल ते तुम्हीच ठरवा. मग मास्तरीण जागी झाली. उल्का सेकंदभरात, फार तर चारपाच सेकंदांत विझते, कारण ती सेकंदाला ११ ते ७२ किलोमीटर वेगानं घुसते. हे सावकाश चाललं होतं, तुकडे पडत होते आणि तुकडेही एकमेकांना सोडत नव्हते. पृथ्वीभोवती फिरणारी वस्तू खाली येताना सेकंदाला साधारण आठ किलोमीटरच्या वेगानं येते आणि अशीच जळते. म्हणजे उपग्रह नाहीतर रॉकेटचा टप्पा. मी गल्लीतल्या सगळ्यांना तिथेच मोठ्यानं सांगितलं. काकूंना ते पटलं नाही, पण त्यांनी ऐकून घेतलं.

रात्री बातम्या आल्या. चंद्रपूर जिल्ह्यात सिंदेवाही तालुक्यातल्या लाडबोरी गावात सुमारे तीन मीटर व्यासाचं धातूचं कडं पडलं होतं. पुढच्या दिवसांत आसपासच्या गावांत धातूचे गोळे सापडले. इस्रोचे लोक येऊन पाहून गेले. फेब्रुवारी २०२१ मध्ये उडालेल्या चिनी चांग झेंग ३बी रॉकेटचा तो तिसरा टप्पा असावा, असं अवकाशातल्या वस्तूंची नोंद ठेवणारे जोनाथन मॅकडॉवेल यांनी सांगितलं. कोणाच्या डोक्यात पडलं नाही, हे नशीब.

पण हे सगळं बाहेर यायच्या आधीच एका स्थानिक वाहिनीनं मला फोनवर घेतलं होतं. जे गल्लीत सांगितलं तेच मी तिथे सांगितलं, वेगासकट आणि तुकड्यांसकट. निवेदकाला त्यात रस नव्हता. "पण मॅडम, विज्ञान शिक्षिका म्हणून सांगा, परग्रहावर जीवसृष्टी असू शकते की नाही? हो की नाही?" मी म्हटलं, असू शकते, पण आजच्या या प्रकाशाचा त्याच्याशी काही संबंध नाही. पडद्यावर वर ते जळते ठिपके आणि खाली पट्टी: 'परग्रहवासी असू शकतात, विज्ञान शिक्षिकेचा दावा'. 'पण'च्या पुढचं सगळं गेलं.

नणदेचा फोन आला, भाचे हसले, कोणीतरी माझ्या फोटोला हिरवे कान लावून फिरवले. ते मी पचवलं. आठवडाभरानं शाळेच्या ऑफिसात संस्थेचं पत्र आलं. आपण वाहिनीवर परग्रहवासी असल्याचे विधान केले आहे काय, याचा हो किंवा नाही असा लेखी खुलासा तीन दिवसांत सादर करावा. खाली आणखी एक ओळ होती, विद्यार्थ्यांमध्ये अंधश्रद्धा पसरत असल्याची पालकांची तक्रार आहे. मी! प्रत्येक ग्रहणाला मुलांना बिस्किटं खायला घालून ग्रहण दाखवणारी मी!

मुख्याध्यापक भले माणूस. दार लोटून घेतलं, चहा मागवला आणि म्हणाले, "मॅडम, 'नाही' लिहा अन् मोकळ्या व्हा. कोण पाहायला येते?" त्यांचं चूक नव्हतं. 'नाही' म्हटलं तरी खरंच होतं, कारण आहेत असं मी म्हटलंच नव्हतं. पण ते 'नाही' वाचणारा काय वाचणार होता? बाई म्हणतात, परग्रहावर कोणी नाही. ते मी कशाच्या जोरावर लिहू? वर्गात दर वर्षी फळ्यावर लिहिते की पुरावा नसेल तर थांबायचं, 'हो'कडेही पळायचं नाही आणि 'नाही'कडेही नाही. रात्री जेवणाच्या टेबलावर कागद घेऊन बसले. नवरा म्हणाला, दोन अक्षरांसाठी किती जागशील? शेवटी दोन पानं लिहिली. उल्केचा वेग, पडणाऱ्या टप्प्याचा वेग, मी बोललेलं पूर्ण वाक्य, आणि शेवटी, 'पृथ्वीबाहेर जीवसृष्टी आहे किंवा नाही, हे आज कोणालाही ठाऊक नाही, त्यामुळे या प्रश्नाचे उत्तर हो किंवा नाही यांत देणे मला शक्य नाही.'

उत्तर आलं नाही. दुर्बीण मात्र प्रयोगशाळेच्या कपाटात गेली आणि किल्ली ऑफिसात. पालकांनी वर्गणी काढून घेतलेली ती दुर्बीण. ८ नोव्हेंबर २०२२ ला चंद्र ग्रहण लागलेल्या स्थितीतच उगवला, तेव्हाही ती कपाटातच होती. मुलं मैदानात नुसत्या डोळ्यांनी बघत उभी राहिली. नंतर नवे सचिव आले, किल्ली परत मिळाली, कोणी काही बोललं नाही. आता मला सांगा, पंगतीत कोणी हसत हसत 'हो की नाही' म्हटलं की मी जिलबी खाली ठेवते, यात माझं काय चुकतं?

बरं, चीड बाजूला ठेवते. माझ्याच जुन्या वहीशी माझं भांडण आहे, ते जास्त अडचणीचं आहे. नोकरीच्या सुरुवातीला मी मुलांना ठासून सांगायचे: आपल्या आकाशगंगेत शंभर अब्जांहून जास्त तारे, अशा आकाशगंगा अब्जावधी, मग असणारच! टाळ्या मिळायच्या. ती तरुण बाई मला आवडते, पण तिचा युक्तिवाद लंगडा आहे. ताऱ्यांची संख्या प्रचंड आहे, कबूल. त्या संख्येला ज्यानं गुणायचं तो आकडा, म्हणजे निर्जीव रसायनांतून जीव सुरू होण्याची शक्यता, आपल्याला मुळीच ठाऊक नाही. तो पुरेसा लहान निघाला तर सगळे तारे मिळूनही उत्तर एकच येईल, आणि तो एक म्हणजे आपण.

ती म्हणेल, पृथ्वीवर जीव किती लवकर आला बघा ना. पृथ्वी साधारण साडेचार अब्ज वर्षांची आणि साडेतीन अब्ज वर्षांपूर्वीच्या खडकांत सूक्ष्मजीवांच्या खुणा आहेत. खरं आहे. म्हणून सूक्ष्मजीवांबाबत माझं मन अजून तिच्या बाजूला झुकतं. पण त्यानंतर केंद्रक असलेल्या पेशी यायला दीड अब्जाच्या आसपास वर्षं गेली, प्राणी तर गेल्या साठसत्तर कोटी वर्षांतले. आणि रेडिओ? सव्वाशे वर्षं. कोणी दोनशे प्रकाशवर्षांवरून आज आपल्याकडे कान लावला तर त्याला इथलं काहीच ऐकू येणार नाही. आपले पहिले रेडिओ सिग्नल अजून तिथवर पोचलेलेच नाहीत. आकाशगंगेचा व्यास एक लाख प्रकाशवर्षांच्या घरात आहे.

येण्याजाण्याचं तर बोलूच नका. व्हॉयेजर १ हे १९७७ च्या सप्टेंबरात निघालं, सेकंदाला जवळपास १७ किलोमीटर जातं, आणि इतक्या वर्षांत सुमारे एक प्रकाशदिवस अंतर कापलं. सर्वात जवळचा तारा सव्वाचार प्रकाशवर्षांवर आहे. त्या यानावरच्या सोन्याचा मुलामा दिलेल्या तबकडीत मराठीतला नमस्कार आहे आणि गोव्यातल्या केरी गावच्या केसरबाई केरकरांची भैरवी आहे. यान सुटलं त्याच महिन्यात केसरबाई गेल्या. हे सांगितलं की वर्गात एक तरी मूल विचारतं, "मग कोणी ऐकलं का?" कोणी नाही. वाटेत कोणी भेटलं नाही तर कुठल्याही ताऱ्याच्या जरा जवळून जायलाही त्याला चाळीस हजार वर्षं लागतील.

गेल्या वर्षी सातवीतल्या एका मुलीनं मला बरोबर पकडलं. म्हणाली, "मॅडम, ते पण आपल्यासारखे नुसते ऐकतच बसले असतील तर? बोलतच कोणी नसेल तर?" मी तिला १९७४ चा अरेसिबोचा संदेश सांगितला, पोर्तो रिकोतल्या मोठ्या रेडिओ दुर्बिणीतून मुद्दाम पाठवलेला. १,६७९ बिट, म्हणजे तेवढे शून्य आणि एक, तीन मिनिटांपेक्षा कमी वेळ, एम१३ या तारकागुच्छाकडे, अंतर सुमारे पंचवीस हजार प्रकाशवर्षं. त्यानंतर असे मुद्दाम पाठवलेले संदेश मोजकेच. भौतिकशास्त्रज्ञ स्टीफन हॉकिंग तर बजावत असत की आपण होऊन हाका मारू नका, येणारा कसा असेल सांगता येत नाही. ती म्हणाली, "म्हणजे आपण भितो, अन् त्यांनी मात्र बोलावं?"

मला स्वतःला विचाराल तर पाठवू नये असंच वाटतं, निदान आपण कोणाला हाक मारतोय ते कळेपर्यंत. मग त्यांनी संपर्क का केला नाही, हे मी कोणत्या तोंडानं विचारू? तीच मुलगी आता आठवीत आहे. ती म्हणते पाठवलाच पाहिजे, आणि संदेशात काय काय हवं याची यादीही तिनं केली आहे. त्यात पहिल्याच ओळीला आमचं वाजलं.