नोंदवहीतला तिसरा रकाना

पक्षी सप्ताह संपला. 5 नोव्हेंबर म्हणजे मारुती चितमपल्लींचा जन्मदिवस, 12 ला सालिम अलींचा. त्या आठ दिवसांपैकी सहा दिवस नागपूरच्या अंबाझरी तलावावर जाणं जमलं. एकूण 41 जाती. मागच्या वर्षी 47 होत्या. कमी झालेल्यांपैकी निदान चार तरी कुठेही गेलेल्या नाहीत, हे आता मला पक्कं ठाऊक आहे.

तिसऱ्या दिवशी नात सोबत होती. फुललेल्या शेवग्याखाली उभे होतो, तिच्या हातात माझा मोबाइल, त्यावर आवाजावरून पक्षी ओळखणारं मर्लिन अ‍ॅप सुरू. पडद्यावर शिंजिराचं नाव उजळलं, विझलं, पुन्हा उजळलं. मला वाटलं, अ‍ॅप चुकतंय.

"आबा, तो कवाचा बोलून राहिला ना!" ती म्हणाली.

मग दिसला. नरच, पण विणीचा निळा-काळा झगझगीत पिसारा उतरलेला; पोट पिवळसर आणि गळ्यापासून खाली एक काळी रेघ. चोच उघडत होती, मिटत होती. आवाज नाही.

दुसऱ्याच आठवड्यात कान तपासून घेतले. कागदावरची रेघ 2000 हर्ट्झपर्यंत सरळ चालते, 4000 ला उतरते आणि 8000 ला पार खाली जाते. कानातल्या शंखाच्या तोंडाशी असलेल्या पेशी उंच पट्टीचे आवाज पकडतात. वय झालं की त्याच आधी जातात आणि परत येत नाहीत. तिसाव्या वर्षापासून ज्या आवाजांवर माझी सगळी पक्षीनोंद उभी होती, ते आवाज असे गुपचूप गेले. त्या रात्री मला झोप लागली नाही.

तांबटाची टुकटुक अजून पूर्ण येते. भारद्वाजाचा घुमारा तर अंगणात बसून ऐकतो. गेला तो फुलटोच्या. जेमतेम आठ सेंटिमीटरचा जीव, त्याच्या 'टिक टिक'वरूनच तो सापडायचा. आता मी आधी आंब्यावरचं बांडगूळ शोधतो. त्याची फळं पिकली की फुलटोच्या येणारच. चिकट बी फांदीला पुसून टाकतो, त्यातूनच पुढचं बांडगूळ रुजतं. गेल्या रविवारी एका बांडगुळाखाली चाळीस मिनिटं बसलो. बी पुसताना तो शेपटी कशी आडवी फिरवतो, हे इतक्या वर्षांत पहिल्यांदा नीट पाहिलं. पूर्वी आवाज ऐकून नाव लिहायचो आणि पुढे निघायचो.

दुर्बीणही बदलली. दहा पट मोठं दाखवणाऱ्या 10×42 मध्ये हाताचा कंप फार दिसायला लागला होता. आठ पटीच्या 8×42 मध्ये चित्र स्थिर राहतं, आवाकाही मोठा मिळतो. साठीच्या पुढच्या मंडळींनी विकत घेण्याआधी एकदा कुणाची तरी हातात धरून बघावी.

माझ्या वहीत दोन खुणा होत्या: 'पा' म्हणजे पाहिला, 'ऐ' म्हणजे ऐकला. परवा पट्टी घेऊन तिसरा रकाना आखला, 'ना', नातीने ऐकला. पहिली नोंद तिच्याच अक्षरात आहे: चष्मेवाला, सहा-सात, बाभळीत, सकाळी 7.10.